दुसऱ्याची कातडी

पडद्यावर जे दिसत होतं, ते दहा महिन्यांच्या मुलीचं नव्हतं.

डॉ. अश्लेषा थत्ते यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. चष्म्यात दोष नव्हता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातही नव्हता. सांगलीच्या त्या वैद्यकीय कॉलेजात धड चालणारी ती एकच वस्तू आहे असं अश्लेषाबाईंचं मत होतं, आणि ते त्या प्राचार्यांसमोरही बोलून दाखवत.

कातडीचा जोंधळ्याएवढा तुकडा घ्यायचा. तो राळेत घट्ट बसवून हिऱ्याच्या पात्याने त्याचे कागदाहून कितीतरी पातळ काप काढायचे आणि त्यांतून इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा. मग पेशीच्या आतले धागेसुद्धा काळ्या-करड्या रंगात समोर येतात.

या कातडीचे धागे निरोगी होते. वरचा थर खालच्या थराला घट्ट चिकटलेला होता. फक्त खालच्या थरातल्या काही पेशींच्या पोटात काळेकुट्ट कण ठासून भरले होते. कातडीचा नैसर्गिक रंग इतका खोल उतरत नाही. हे बाहेरून सुईने घातलेलं होतं.

त्यांनी फोन उचलला.

"विजयमाला, त्या बाळाच्या अंगावर कुठं गोंदलंय का?"

पलीकडे कडेगाव पोलीस ठाण्याची उपनिरीक्षक विजयमाला घोरपडे होती. "मॅडम, दहा महिन्यांचं लेकरू आहे ते."

"तेच म्हणते मी. मग तू मला पाठवलीस ती कातडी कुणाची?"

प्रकरण जिल्हाभर गाजलं होतं. कडेगावजवळच्या एका बड्या ऊसवाल्या घरातली ईश्वरी. तिच्या हातापायांवर, कमरेवर, पाठीवर घोळक्याने फोड उठलेले. घरच्यांनी तिला साताऱ्याला डॉ. सुमंत शेवडे यांच्याकडे नेलं. हे त्वचारोगतज्ज्ञ म्हणून नावाजलेले. त्यांनी एक नजर टाकली आणि सांगितलं, सिगारेटचे चटके आहेत. चटके देणारी कोण, तर आई. संयोगिता जतच्या माळावरच्या कोरडवाहू घरातली, निम्मं कानडी बोलणारी. मुलगी झाली म्हणून तिने राग काढला, असं सासरच्यांनी पोलिसांना सांगितलं आणि गावाने ते मिटक्या मारत ऐकलं. शेवडे तर स्थानिक वाहिनीवर जाऊन 'आईच्या रूपातली राक्षसीण' या विषयावर बोलून आले. अश्लेषाबाईंनी ती मुलाखत पाहिली होती. टाय चांगला होता, एवढंच त्यांना पटलं.

संयोगिताला अटक झाली, मग जामीन. आता ती सांगलीत महिलांच्या वसतिगृहात होती. मुलीला भेटायला तिला बंदी होती.

विजयमालाने तपासातले फोटो अश्लेषाबाईंना दाखवले तेव्हा बाईंनी एकच विचारलं होतं, "लंगोटाच्या इलॅस्टिकच्या रेषेवर ओळीने फोड आहेत. चटके देणारी बाई मोजपट्टी लावून बसली होती का?" त्यांना वेगळाच संशय होता. काही घराण्यांत कातडीचे धागे जन्मतःच कच्चे असतात. जरा घासलं की फोड. रक्ताच्या जनुकीय तपासणीने ते कळलं असतं, पण बाप ऋषिराज याने नकार दिला. "माझ्या रक्ताला काय धाड भरलीय?" असं त्याचं उत्तर होतं. शेवटी बालकल्याण समितीने कातडीची तपासणी करायला सांगितली. मुलगी शेवड्यांच्याच दवाखान्यात होती, म्हणून तुकडाही त्यांनीच काढला.

कातडी निरोगी ठरली तर प्रश्न मिटला. आई गुन्हेगार, मुलगी कायमची बापाकडे.

विजयमाला सांगलीला आली तेव्हा तिचा चेहरा आंबट झाला होता.

"तुकड्याची डबी इथं कुणी आणली?" अश्लेषाबाईंनी विचारलं.

"ऋषिराजनं. स्वतःच्या गाडीतनं. आमचा हवालदार हरिबा बरोबर होता."

"हरिबा जागा होता?"

"मागच्या सीटवर एसी लागला की हरिबा कधीच जागा नसतो, मॅडम."

"छान. खात्याची शान आहे तो." अश्लेषाबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. "आणखी एक बघ. कातडी कापल्यावर लगेच टिकवायच्या द्रावणात पडली नाही तर पेशी आतून फुगतात, फाटतात. ही तशी नाही. अगदी ताजी असताना द्रावणात गेलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण साताऱ्याला जायचं."

शेवड्यांचा दवाखाना काचेचा होता. बाहेरून आतलं दिसत नव्हतं, आतून बाहेरचं दिसत होतं. अशा काचा लावणाऱ्या माणसांबद्दल अश्लेषाबाईंचं जे मत होतं ते त्यांनी जिन्यातच विजयमालाला सांगून टाकलं. भिंतीवर फलक होते. गोरेपणा. केसांची लागवड. लग्नाआधी नवरीसाठी खास उपचार. सैन्यभरतीआधी टॅटू काढून मिळतील. डोळ्यांखालची वर्तुळं. आजार हा शब्द कुठेच नव्हता. बाकांवर बारीक केस कापलेली धट्टीकट्टी पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. एका-दोघांच्या मनगटाला पट्टी होती.

डॉ. शेवडे हसतमुख होते. "मॅडम, तुम्ही स्वतः आलात? रिपोर्ट मेल केला असता तरी चाललं असतं."

"तुकडा कुठून काढलात?"

"डाव्या मांडीवरून. टाका आहे, बघून घ्या."

"कातडी कापताना कशी वाटली?"

"कशी म्हणजे? कातडीसारखी."

"द्रावणात कुणी टाकला?"

"मीच."

"नर्सनं पाहिलं?"

"ती बाळाला धरून होती. फार रडत होतं ते. मी ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन डबी बंद केली."

"त्या वेळी दुसरा कुणी पेशंट होता?"

"छे. ती सकाळ मी फक्त या बाळासाठी राखून ठेवली होती. केस किती गंभीर आहे याची मला जाणीव आहे."

"बाळ इथं आल्यावर नवे फोड आले?"

"एकही नाही. आई लांब गेली, फोड थांबले. आणखी कसला पुरावा हवाय तुम्हाला?"

"बाळाच्या खोलीत एसी आहे?"

"अर्थात. हॉस्पिटल आहे हे, धर्मशाळा नाही."

अश्लेषाबाईंनी मान डोलावली. काही माणसं स्वतःच्याच बोलण्यावर खूश असतात. त्यांना मध्ये अडवायचं नसतं.

वरच्या मजल्यावर ईश्वरी मऊ दुपट्यावर झोपली होती. जवळ आजी साळूबाई बसल्या होत्या. ऋषिराज खिडकीशी उभा. पांढराशुभ्र सदरा, गळ्यात जाड साखळी, दंडावर रंगीत सिंह गोंदलेला. पायांत मात्र म्हाताऱ्या माणसांच्या असतात तशा मऊ रबरी चपला.

"काय ओ, आता आनि काय राहिलंय?" तो म्हणाला. "डॉक्टरांनी लिवून दिलंय की."

"तुमचं घर फौजेतलं ना?" अश्लेषाबाईंनी सहज विचारलं.

"चुलते, आजे, समदे. गावात आमचं घर म्हंजे फौजंचं घर."

"आणि तुम्ही?"

"मी बी भरती झालतो. ट्रेनिंगमधनं परत आलो. कावीळ झाली."

"कावीळ बरी होते. पुन्हा गेला नाहीत?"

"घरची शेती कोन बघनार?"

साळूबाईंनी मुलाकडे पाहिलं आणि नजर वळवली. अश्लेषाबाई बाळाजवळ वाकल्या. जुने फोड सुकत आले होते. त्यांवर जखमेला चिकटणार नाही अशी पट्टी हवी होती. शेवड्यांनी साधी चिकटपट्टी लावली होती, आणि ती जिथून काढली होती तिथे कातडी सोलवटून आली होती.

"आजी, आता कशी आहे नात?"

"बरी हाय. गारव्यात ठेवल्यापासनं लय बरी हाय," साळूबाई म्हणाल्या. "उनाळा लागला की उमलतंय त्ये. थंडीत गप ऱ्हातंय."

"आई, तू गप की," ऋषिराज म्हणाला.

अश्लेषाबाईंनी ते मनात टिपून ठेवलं. पर्समधून त्यांनी समितीचं नवं पत्र काढलं. दुसरा तुकडा त्या स्वतः काढणार होत्या. शेवड्यांना वर बोलावणं गेलं.

आधी अश्लेषाबाईंनी औषधाने मांडीवरची जागा बधिर केली. मग लहान मुलांच्या पेन्सिलीला असतं तसं स्वच्छ खोडरबर काढून त्या जागी हलकेच फिरवलं. थोड्या वेळाने कातडी सैल झाली आणि खाली पाणी धरू लागलं. नर्सने तोंडावर हात घेतला. साळूबाई भिंतीकडे बघत राहिल्या. डॉ. शेवड्यांचं हसू मावळलं होतं.

तुकडा द्रावणात पडला. ती डबी अश्लेषाबाईंनी सांगलीपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

गाडीत विजयमाला म्हणाली, "मॅडम, मला तर ऋषिराजच दिसतोय. अंगावर रंगीत टॅटू, डबी त्याच्या हातात, हवालदार झोपेत."

"त्याचा सिंह अख्खा आहे. शेपटीच्या गोंड्यासकट. कुठं टाका दिसला?"

"मग साळूबाई? हातभर गोंदण आहे त्यांच्या. संयोगिताच्या पण हनुवटीवर आहे."

"त्या काळ्या कणांत टायटॅनियम सापडलंय. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या यंत्रातून ते कळतं. बायकांचं जुनं गोंदण काजळीचं, तिच्यात टायटॅनियम नसतं. ते मशीनच्या रंगीत शाईत असतं." बाई थोडं थांबल्या. "तू साताऱ्याला माघारी जा. एक माणूस शोध. कुठं आणि कसा, ते सांगते."

त्यांनी सांगितलं. विजयमालाने ते वहीत उतरवून घेतलं.

समितीची बैठक सांगलीत झाली. टेबलामागे अध्यक्षा आणि दोन सदस्य. समोर ऋषिराज, साळूबाई आणि डॉ. शेवडे. संयोगिता दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसली होती, कुणीतरी उठवेल अशा तयारीने. ईश्वरी नर्सच्या मांडीवर होती. आई तिच्याकडे बघत होती आणि बघताना हात पदराखाली घट्ट धरून ठेवत होती.

अश्लेषाबाईंनी दोन मोठी छायाचित्रं टेबलावर ठेवली.

"ही ईश्वरीची खरी कातडी. मी स्वतः काढलेली. बळकट धाग्यांच्या जागी इथे गोळे झालेत, आणि सगळ्यांत खालच्या पेशींतून चीर गेलीय. जन्मजात आजार आहे. घासलं की फोड, उकाड्यात जास्त. चटक्यांचा संबंध नाही. आईनं काही केलेलं नाही."

संयोगिताने मान वर केली.

"आणि हे दुसरं, आधी पाठवलेलं. निरोगी कातडी. हिच्यात रंगीत टॅटूची शाई आहे. म्हणजे डबीत दुसऱ्याची कातडी घातली. कुणी?" त्यांनी ऋषिराजकडे बोट केलं. "पोलिसांना हे वाटले. मलाही एखादं मिनिट वाटले. पण ही कातडी शरीरातून निघाल्या निघाल्या द्रावणात गेलीय. म्हणजे धावत्या गाडीत, झोपलेल्या हवालदारासमोर, ह्यांनी कुणाचातरी हात व्यवस्थित कापायला हवा. यांना ऊससुद्धा दुसऱ्यांनी तोडून द्यावा लागतो."

एका सदस्याने खोकल्याचं निमित्त केलं.

"मग टॅटूची ताजी कातडी रोज कुठे कापली जाते? हातावर भलतंसलतं गोंदवून बसलेली पोरं भरतीआधी कुठे जातात? डॉक्टर, फलक तुमच्याच भिंतीवर आहे."

डॉ. शेवडे हसले. "हे फार ओढूनताणून आहे, मॅडम."

"त्या सकाळी दुसरा पेशंट नव्हता म्हणालात."

"नव्हता."

विजयमालाने दार उघडलं. एक तरणा पोरगा आत आला. मनगटावर टाक्यांची ताजी खूण.

"नाव?"

"अर्जुना. शिराळ्याचा हाय मी."

"त्या दिवशी काय झालं, सांग."

"मनगटावर नाग हुता, हिरवा. भरतीला चालत न्हाई म्हनून काढाय गेलतो. डॉक्टरांनी तुकडा काढला, तवर शेजारच्या खोलीत बाळ रडाय लागलं. मला म्हनले, दाबून धर, आलोच. दोन मिनटांत आले त्ये लय घामाघूम. ट्रेमधनं चिमट्यानं कायतरी उचललं, बारकं कापलं, एका डबीत टाकलं. मला वाटलं माझीच तपासनी हाय."

"रक्त द्यायला तयार आहेस?"

"व्हय."

"तुकड्याचा उरलेला भाग माझ्याकडे राळेत बंद आहे," अश्लेषाबाई म्हणाल्या. "रक्ताशी तो ताडून बघता येईल."

डॉ. शेवड्यांनी टाय सैल केला. "ट्रे बदलला असेल. घाईत होतं असं कधीकधी."

"मग बाळाचा तुकडा कुठाय? अदलाबदल झाली असती तर तो अर्जुनाच्या ट्रेमध्ये असता. आणि अर्जुना तिथं नव्हताच, असं खोटं का बोललात?"

शेवड्यांनी सैल केलेला टाय पुन्हा वर ओढला.

"मी सांगते. तुम्ही बाळाच्या मांडीला पातं लावलं आणि कातडी सालासारखी सुटून हातात आली. चटक्याची कातडी तशी सुटत नाही. तुम्हाला कळलं. गोरेपणा विकायला लागण्याआधी तुम्ही हे शिकला होतात. त्याच क्षणी बाहेर येऊन 'माझं चुकलं' म्हणायचं होतं. इतकंच. पण वाहिनीवर जाऊन बोलून झालं होतं. लोक रस्त्यात थांबवून हात मिळवत होते. मग एका बाईला तुरुंगात जाऊ दे, एका लेकराच्या अंगाची रोज सालं निघू देत, पण डॉ. शेवड्यांचं निदान खरं राहू दे. पैशासाठी केलं असतंत तर निदान लोभी म्हणता आलं असतं. तुम्ही तेवढेही नाही."

"माझी वीस वर्षांची प्रॅक्टिस आहे," शेवडे हलक्या आवाजात म्हणाले. "एका चुकीसाठी..."

"चूक निदानाची होती. ती मी माफ केली असती."

विजयमाला शेवड्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"आणि तुम्ही," अश्लेषाबाई ऋषिराजकडे वळल्या. "चपला काढा."

"का म्हनून?"

"नगं काढूस," साळूबाई पुटपुटल्या. मग खोलीतली शांतता त्यांनाच सोसवेना. "त्येला बी लहानपनी असंच हुतं. केळीच्या पानावर निजवून वाढवलाय मी. ट्रेनिंगात बूट घातलं, पायाचं पार भजं झालं, तवा परत धाडला. कावीळ नव्हती."

ऋषिराजने चपला काढल्या. तळवे जाड, पिवळट, भेगाळलेले होते. कडेला फोडांचे जुने वण.

"हा आजार बापाकडून आलाय," अश्लेषाबाई अध्यक्षांना म्हणाल्या. "म्हणून रक्त द्यायचं नव्हतं. आजी, तुम्हाला पहिल्या फोडालाच कळलं होतं. का बोलला नाहीत?"

"धाकट्या लेकीचं लगीन ठरत हुतं. रक्तात खोट हाय म्हटल्यावर कोन पोरगी करंल?"

"म्हणून सुनेला तुरुंगात घातलं."

"डॉक्टरच बोललं की. आमी काय केलं? आमी फकस्त गप बसलो."

अश्लेषाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की साळूबाईंनी पदर तोंडावर ओढला.

शेवड्यांना विजयमाला घेऊन गेली. जाताना त्यांनी मागच्या दाराने जाता येईल का, असं विचारलं. मागे दार नव्हतं. बाहेर त्यांची मुलाखत घेणारा वाहिनीचा तोच वार्ताहर उभा होता.

समितीने मुलगी आईकडे द्यायचा निर्णय त्याच बैठकीत दिला. नर्सने ईश्वरीला दुपट्यासकट पुढे केलं. काखेत हात घालून उचलायचं नाही, हे अश्लेषाबाईंनी सांगितलं. संयोगिताने दोन्ही तळवे खाली घालून मुलीला अलगद घेतलं. ती रडली नाही. तिने मुलीच्या टाळूचा वास घेतला आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली.

ऋषिराज जवळ आला. चपला अजून हातातच होत्या. "झालं ते झालं. घरला चल."

संयोगिताने त्याच्या पायांकडे पाहिलं.

"तुमच्या अंगावर फोड आलं हुतं, तवा तुमच्या आईला कुनी पोलिसात दिलं हुतं का?" ती म्हणाली.

ती त्याला वळसा घालून व्हरांड्यात आली. तिचा भाऊ कोंडीबा जतहून आला होता आणि पोलीस बघून फाटकाबाहेरच थांबला होता.

अश्लेषाबाई पायरीपर्यंत आल्या. कापड कसलं वापरायचं, उन्हाळ्यात काय करायचं, पट्ट्या कुठे मिळतील, हे त्यांनी सांगितलं. कॉलेजात दर महिन्याला दाखवायला ये, असंही सांगितलं. संयोगिता ऐकत होती.

"बाई, हे जाईल का न्हाई?"

खोटं बोलणं सोपं होतं. आज सकाळपासून त्या खोलीत तेच तर चाललं होतं.

"जाणार नाही," अश्लेषाबाई म्हणाल्या. "मोठी होईल तसं कमी होईल. पण राहील."

संयोगिताने मुलीचं दुपटं सारखं केलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मी बी ऱ्हातेच की तिच्यापाशी."

आणि मुलीच्या तोंडावर पदराची सावली धरून ती पायऱ्या उतरली.